जुनी गाडी घेताना काय बघायचं, कुठे आणि कोणत्या क्रमाने

२०२० सालचा सप्टेंबर. साताऱ्याच्या मामांनी एक रुपेरी हॅचबॅक जवळपास पक्की केली होती. तीन वर्षांची गाडी, पहिलाच मालक, मीटरवर २६ हजार किलोमीटर, इंजिनचा आवाज अगदी मऊ. मी मागच्या सीटवर बसलो आणि सीटबेल्ट ओढला. लावण्यापुरता नाही, पार शेवटपर्यंत. शेवटचा हातभर पट्टा बाहेर आला तेव्हा त्यावर मातकट आडवी रेघ दिसली आणि बोटांना बारीक गाळ लागला. गाडीचं पासिंग होतं एमएच-१०, म्हणजे सांगली. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत कृष्णेचं पाणी कुठवर चढलं होतं ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. विकणाऱ्याने सीट कव्हरं बदलली होती, मॅट नवी टाकली होती, डॅशबोर्ड पॉलिश करून चकचकीत केला होता. पट्टा मात्र खांबाच्या आत रिळावर गुंडाळलेला असतो, तिथवर कुणाचा हात पोचला नव्हता. मामांचे टोकनचे पाच हजार गेले. गाडी आम्ही सोडली.

तेव्हापासून नात्यात कुणी जुनी गाडी बघायला निघालं की मी सोबत जातो. मी मेकॅनिक नाही. गॅरेजमध्ये उभं राहून बघत आणि विचारत शिकलेला माणूस आहे. इथे लिहिलेलं जवळजवळ सगळं कुणालाही करता येतं. त्यासाठी दोन-तीन तास हवेत आणि विकणाऱ्यासमोर संकोच न करता वाकून बघायची तयारी हवी.

गाडीतल्या दोषांचे मी दोन गट करतो. क्लच, टायर, बॅटरी, शॉकअप, ब्रेक पॅड हे झिजायचेच. त्यांचा खर्च काढता येतो आणि तेवढी रक्कम किमतीतून वळती करता येते. दुसऱ्या गटात तीनच गोष्टी: सांगाडा वाकवणारा अपघात, पुराचं पाणी आणि खोटा इतिहास. यातलं एक जरी सापडलं तरी कितीही स्वस्त मिळत असली तरी ती गाडी मी घेऊ देत नाही. लोक बहुतेकदा उलटं करतात. टायर गुळगुळीत आहेत म्हणून चांगली गाडी सोडतात आणि रंग झळझळीत आहे म्हणून वाकलेली घरी आणतात.

निघण्याआधी, घरात बसून

आधी विकणाऱ्याकडून आरसीचा (गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्राचा) दोन्ही बाजूंचा फोटो, चालू विमा पॉलिसी आणि शक्य झालं तर आधीच्या वर्षाचीही पॉलिसी मागवा. तिन्ही गोष्टींना टाळाटाळ होत असेल तर पेट्रोल जाळून तिथवर जायची गरज नाही.

आरसीवर नोंदणीची तारीख, गाडी बनल्याचा महिना, इंधन, चॅसी नंबर, इंजिन नंबर, कितवा मालक आणि बँकेचा बोजा आहे का हे दिसतं. हाच तपशील परिवहनच्या संकेतस्थळावर किंवा एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकून ताडून बघा. इंधनाच्या रकान्याकडे नीट लक्ष द्या. गाडीत सीएनजी आहे आणि आरसीवर नुसतं पेट्रोल लिहिलंय, तर किट नोंद न करता बसवलेलं आहे; अपघात झाला तर विमा कंपनी तिथेच बोट ठेवते. गाडी आधी टॅक्सी होती का हेही बघा. एर्टिगा, वॅगनआर, डिझायर यांसारख्या गाड्या आधी पिवळ्या पाटीवर धावून नंतर खासगीत बदललेल्या असू शकतात. वाहतूक पोलिसांचे ई-चलन किती थकलेत तेही महाराष्ट्राच्या चलन संकेतस्थळावर नंबर टाकून कळतं.

विमा पॉलिसीचा पहिला कागद मी सगळ्यांत बारकाईने वाचतो. त्यावर 'नो क्लेम बोनस' असा रकाना असतो. क्लेम न करता वर्षं गेली की हा बोनस २०, २५, ३५, ४५ असा चढत पाचव्या वर्षानंतर ५० टक्क्यांवर येतो. क्लेम केला की सहसा शून्यावर. सहा वर्षांची गाडी, एकच मालक, आणि बोनस शून्य किंवा २० टक्के? मग गेल्या एक-दोन वर्षांत क्लेम झालेला असू शकतो. कशाचा, ते विचारा आणि दुरुस्तीचं बिल मागा. पार्किंगमध्ये बंपर घासला असेल तर बिल दाखवायला कुणी कचरत नाही. हा बोनस गाडीचा नसून माणसाचा असतो, त्यामुळे जुन्या गाडीवरचा बोनस मालकाने या गाडीवर आणलेला असू शकतो, किंवा बोनस टिकवणारं जादा कव्हर घेतलेलं असू शकतं. म्हणून ५० टक्के बघून निर्धास्त होऊ नका. शून्य बघून प्रश्न मात्र नक्की विचारा.

मग सर्व्हिसचा इतिहास. मालकाला त्याच्या मोबाइलवरून कंपनीच्या ॲपमधली नोंद दाखवायला सांगा किंवा त्याच्यासोबत अधिकृत सर्व्हिस सेंटरला जा. प्रत्येक सर्व्हिसची तारीख आणि त्या दिवशीचं मीटर तिथे लिहिलेलं असतं. माझ्या पाहण्यात शहरातली घरगुती गाडी वर्षाला आठ ते बारा हजार किलोमीटर फिरते. आठ वर्षांच्या गाडीवर ३१ हजार दिसले की ती खोटीच असते असं नाही, पण ते मालकाने कागदाने दाखवून द्यावं. नोंद ४२ हजारांवर थांबलेली आणि मीटर ३५ हजारांवर असेल तर पुढे बोलण्यासारखं काही उरत नाही.

जायचं सकाळी

संध्याकाळी, पावसात किंवा पिवळ्या दिव्याखाली गाडी बघू नका. ओल्या पत्र्यावर रंगातला फरक दिसत नाही. सकाळी आठ-नऊला, उघड्यावर, कोरडी गाडी बघायची. निघताना फोनवर एवढंच सांगा, 'आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका.' पोचल्यावर पहिल्यांदा बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर गाडी आधीच सुरू करून तिचा सकाळचा आवाज आणि धूर घालवलेला आहे. अशा वेळी मी नमस्कार करून दुसऱ्या दिवसाची वेळ मागतो.

सोबत न्यायचं सामान थोडंच: टॉर्च, फडक्यात गुंडाळलेला फ्रिजवरचा छोटा लोहचुंबक, खाली झोपून बघायला जुनी चादर, आणि शक्य असेल तर मोबाइलला ब्लूटूथने जोडायचा, गाडीच्या संगणकातले दोष वाचणारा छोटा स्कॅनर. हा काहीशे रुपयांत मिळतो आणि स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये बसतो. आणखी एक माणूस न्याच. एक जण विकणाऱ्याशी बोलत राहिला की दुसऱ्याला शांतपणे बघता येतं.

पत्रा आणि सांगाडा

गाडीपासून दहा पावलं लांब उभं राहा. एका कोपऱ्यातून बाजूच्या पत्र्यावरून नजर तिरकी सोडा. समोरच्या इमारतीचं प्रतिबिंब पत्र्यात सरळ जायला हवं. एखाद्या दारावर ते लाटेसारखं हललं तर तिथे डेंटिंग झालंय. मग फटी बघा: बॉनेट आणि फेंडर (पुढच्या चाकावरचा पत्रा), दार आणि दार, डिकी आणि मागचा दिवा. डावी-उजवी फट सारखी हवी. एका बाजूला करंगळी शिरते आणि दुसऱ्या बाजूला नखही नाही, तर काहीतरी उघडून परत बसवलंय.

आता चुंबक. लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेल्या जागी चुंबक सैल धरतो किंवा गळून पडतो, कारण पत्रा खाली राहतो आणि मध्ये पुट्टीचा थर येतो. कंपनीचा रंग साधारण १०० मायक्रॉनच्या आसपास असतो. लांबीचा थर त्याच्या कित्येक पट जाड. दरवाजांचा खालचा भाग, मागच्या चाकावरची कमान आणि डिकीचं झाकण इथे जास्त वेळ द्या. बंपर प्लास्टिकचे असल्यामुळे तिथे चुंबकाचा उपयोग नाही, आणि रंगवलेल्या बंपरचं मला काही वाटतही नाही. पुण्या-मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये सात वर्षं कंपनीचाच रंग टिकलेला बंपर मी क्वचित बघितलाय.

बॉनेट उघडून फेंडरचे आणि बिजागऱ्यांचे बोल्ट बघा. कंपनीत बोल्ट बसवून वरून रंग मारलेला असतो, त्यामुळे बोल्टच्या कडेचा रंग अखंड असतो. पाना लागला की कडा सोलतात. एक फेंडर बदललेला असणं एवढ्यावरून गाडी वाईट ठरत नाही. फेंडर बोल्टवर असतो, गाडीचं वजन पेलत नाही. गंभीर भाग आहे त्याच्या आत: रेडिएटर ज्याला टेकतो ती आडवी पट्टी, दोन्ही बाजूंचे एप्रन (फेंडरच्या आतले पत्रे) आणि पुढच्या शॉकअपचे वरचे घुमट. कारखान्यातलं वेल्डिंग बोटाच्या टोकाएवढ्या गोल खळग्यांसारखं, ठरावीक अंतरावर ओळीने दिसतं. गॅरेजमधलं वेल्डिंग ओबडधोबड असतं. ग्राइंडर फिरवल्याच्या रेषा राहतात किंवा वर सीलंट थापलेलं असतं. डावा एप्रन आणि उजवा एप्रन टॉर्चने आळीपाळीने बघा. दोन्ही एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमेसारखे दिसायला हवेत.

मग दारं. मालकाला विचारून चौकटीवरचं रबर मधल्या खांबापाशी हातभर ओढा. ते नुसतं दाबून बसवलेलं असतं, परत बसतं. खाली त्याच गोल खळग्यांची ओळ दिसली पाहिजे. तिथला पत्रा सपाट, रंग जाड आणि खळगे गायब असतील तर खांब कापून जोडलाय. कुटुंबाला बसवायच्या गाडीत मधला खांब म्हणजे बाजूने धडक बसल्यावर आतल्या माणसांना वाचवणारा भाग. डिकीतही तेच: कार्पेट उचला, स्टेपनी बाहेर काढा, खालच्या पत्र्याला सुरकुती आहे का ते हात फिरवून बघा. मागून ठोकलेल्या गाडीचं वरचं झाकण नवं मिळतं, पण तळाचा दुमडलेला पत्रा पूर्ण सरळ होत नाही.

काचांवर कोपऱ्यात बनवणाऱ्याचा शिक्का आणि वर्षाचा आकडा असतो. सगळ्या काचांवर एकाच सुमाराचं वर्ष हवं. पुढची काच दगड लागून बदलणं नेहमीचं. पण एकाच बाजूच्या दोन दारांच्या काचा वेगळ्या वर्षाच्या आणि त्याच दारांवर चुंबक सैल, तर बाजूची धडक झालीय. एक हेडलाइट पिवळट आणि दुसरा लख्ख असेल तरी तसंच, त्या कोपऱ्यात आत वाकून बघा.

चॅसी नंबर आरसीशी एकेक अक्षर जुळवा. गाडीनुसार तो बॉनेटखाली मागच्या पत्र्यावर किंवा पुढच्या सीटखाली ठोकलेला असतो. नेमकी जागा मॅन्युअलमध्ये दिलेली असते. १७ अक्षर-आकड्यांची ती ओळ सरळ, एकसारख्या खोलीची हवी. आजूबाजूला घासल्याच्या, वेल्डिंगच्या खुणा असतील तर तिथून निघा.

पुराचं पाणी

मुंबईत २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि रस्त्यावरच्या गाड्या छतापर्यंत बुडाल्या. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर, जुलै २०२१ मध्ये चिपळूण आणि महाड. प्रत्येक पुरानंतर विमा कंपन्यांनी निकाली काढलेल्या गाड्या भंगाराच्या भावाने विकल्या जातात, कुणीतरी त्या धुऊन-सुकवून उभ्या करतं आणि त्या दुसऱ्या जिल्ह्यात विकायला येतात. अशी गाडी घेताना छान चालते, कारण इंजिन साफ करणं सोपं आहे. त्रास सुरू होतो सहा महिन्यांनी, वायरिंगच्या जोडांत गंज चढला की. आज पॉवर विंडो बंद, उद्या एअरबॅगचा दिवा लागलेला, परवा गाडी भर रस्त्यात बंद. मेकॅनिक एक जोड साफ करतो तोवर दुसरा जातो.

सीटबेल्ट चारही ठिकाणी शेवटपर्यंत ओढा. पट्ट्यावर छापील लेबल असतं, त्यावर बनवल्याची तारीख असते. ती गाडीच्या वर्षाशी जुळायला हवी. पट्टे नवे असतील तर का, ते विचारा. मग पुढची सीट पूर्ण मागे सरकवा आणि रुळांकडे, सीट बांधलेल्या बोल्टकडे टॉर्च मारा. चालकाच्या पायाशी पावसाळ्यात थोडं पाणी येतं. पण चारही सीटच्या रुळांवर सारखा तांबूस गंज पावसाने चढत नाही. दाराजवळची प्लास्टिकची पट्टी उचलून कार्पेटखाली हात घाला. खालचं जाड नमद्यासारखं अस्तर ओलं किंवा वाळलेल्या चिखलाने कडक झालेलं असतं, आणि ते बदलण्याची तसदी फारसं कुणी घेत नाही.

डॅशबोर्डखाली डोकं घालून वायरींच्या प्लगकडे बघा. पितळी पिनांवर हिरवट-पांढरी बुरशीसारखी पूड दिसली की पाणी तिथवर पोचलं होतं. हेडलाइटच्या आत तळाशी मातीची रेघ, दारातल्या स्पीकरच्या जाळीत गाळ, स्टेपनीच्या खड्ड्यात वाळूचे कण, सगळं बघा. शेवटी एसी बंद करून ब्लोअर गरम हवेवर पाच मिनिटं चालवा आणि काचा लावून आत बसा. कुबट, तळ्यासारखा वास येतो. गाडीत पाय ठेवताच परफ्यूमचा भपकारा आला तर हीच तपासणी जास्त सावकाश करा.

किनारपट्टीच्या गाड्यांचा प्रश्न निराळा. मुंबई, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, गोवा इथल्या खाऱ्या हवेने गंज खालून खातो. गाडीच्या पोटाला ताजं काळं कोटिंग मारलेलं असेल तर ते गंज थांबवायला मारलंय की झाकायला, हे स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने टकटक केल्यावर कळतं. चांगला पत्रा टणक वाजतो, खाल्लेला पत्रा भद्द.

इंजिन थंड असताना

सुरू करण्याआधी डीपस्टिक काढून पुसा, परत घालून काढा. ऑइल दोन खुणांच्या मध्ये हवं. पेट्रोल गाडीत मधासारखं ते काळपट, कसंही चालेल. डिझेलमध्ये ते लगेच काळं होतं, त्याची काळजी नको. ऑइल भरायचं झाकण उघडून आतून बघा. दुधाळ कॉफीसारखा फेस दिसला तर कूलंट ऑइलमध्ये मिसळत असल्याची शक्यता आहे. थंडीच्या दिवसांत, रोज दोन किलोमीटरच चालणाऱ्या गाडीत झाकणाला थोडी वाफ धरते. डीपस्टिकही दुधाळ असेल तर मात्र हेड गॅस्केटचा खर्च समोर आहे. कूलंटच्या बाटलीत हिरवा, गुलाबी किंवा निळा असा स्वच्छ रंग हवा. विटकरी पाणी म्हणजे कित्येक वर्षं नळाचं पाणी भरलंय आणि आतून रेडिएटर सडतोय. गरम इंजिनवर रेडिएटरचं झाकण कधीच उघडू नका.

आता चावी अर्धी फिरवा. डॅशबोर्डवर इंजिन, एबीएस, एअरबॅग, ऑइल असे सगळे दिवे लागले पाहिजेत आणि सुरू झाल्यावर विझले पाहिजेत. एखादा दिवा लागतच नसेल तर ते न विझण्यापेक्षा वाईट. कुणीतरी बल्ब काढलाय किंवा जोड तोडलाय. स्कॅनर जोडला असेल तर साठवलेले दोष वाचा, आणि गाडीच्या संगणकाच्या स्वतःच्या तपासण्या 'पूर्ण' आहेत की 'अपूर्ण' तेही बघा. बऱ्याच तपासण्या अपूर्ण असतील तर आदल्याच दिवशी कुणीतरी दोष पुसलेत किंवा बॅटरी काढलीय.

सुरू करताना सोबतच्याला सायलेन्सरमागे उभं करा. निळसर धूर सतत येत राहिला तर इंजिन ऑइल जाळतंय, म्हणजे पिस्टन रिंगचं काम. सुरुवातीला दोन-चार सेकंदच निळा येऊन थांबला तर व्हॉल्व्ह सील, खर्च कमी. हिवाळ्यात पांढरी वाफ येते आणि दोन मिनिटांत जाते. गोडसर वासाचा पांढरा धूर जातच नसेल तर कूलंट जळतंय. डिझेलला रेस दिल्यावर थोडा काळा धूर जुन्या गाडीत चालतो, पण ढग नको. गाडी तशीच उभी ठेवून चालू राहू द्या, रेडिएटरचा पंखा एकदा आपणहून सुरू होऊन बंद होईपर्यंत. विकणारे याला कंटाळतात. वॅगनआरसारख्या बऱ्याच छोट्या गाड्यांत तापमानाचा काटाच नसतो, नुसता दिवा असतो. म्हणून पंखा बघणं महत्त्वाचं.

आतली बटणं, काचा, वायपर, एसी भराभर बघून घ्या, त्यात फार वेळ घालवू नका. पेडलचं रबर, स्टिअरिंगचा वरचा भाग आणि चालकाच्या सीटची दाराकडची कड बघून मीटरचा अंदाज घ्या. २८ हजार किलोमीटरला पेडलचं रबर गुळगुळीत होत नाही. सर्व्हिसवाल्यांनी दाराच्या खांबावर किंवा काचेच्या कोपऱ्यात चिकटवलेलं 'पुढची सर्व्हिस अमुक किलोमीटर' हे छोटं स्टिकरही वाचा. मीटर फिरवणारा कधी कधी तेच विसरतो. टायरच्या कडेला चार आकडे असतात: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. २०१९ च्या गाडीवर २३ हजार किलोमीटर आणि टायर मात्र चारही २०२२ चे, तर आधीचे का बदलले? टायर एका कडेलाच झिजलेला असेल तर अलाइनमेंट करून बघावं लागेल. करूनही सुटत नसेल तर सांगाड्याकडे परत वळा. खाचांची खोली १.६ मिलिमीटरच्या खाली गेली की टायर बाद.

चालवून

स्वतः चालवा, मालकाला शेजारी बसवा. किमान दहा-बारा किलोमीटर: थोडी गर्दी, थोडा खराब रस्ता, थोडा मोकळा हायवे, जमलं तर एक चढ. रेडिओ बंद, आधी काचा खाली.

क्लच फार वर येऊन पकडत असेल तर प्लेट संपत आलीय. खात्री करायला मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये ताशी ४० च्या वेगावर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. इंजिनचा आवाज चढला आणि गाडीने वेग घेतला नाही तर क्लच घसरतोय. छोट्या गाडीला सात ते दहा हजारांच्या घरात खर्च, किमतीतून कमी करा. दुसऱ्या गिअरला टाकताना करकर आली तर गिअरबॉक्स उघडावा लागेल, तो खर्च मोठा. एएमटी, म्हणजे क्लच पेडल नसलेली, गिअर आपोआप बदलणारी गाडी असेल तर चढावर थांबवून सुटताना धक्के देते का ते बघा.

स्पीडब्रेकरवरून एकेक चाक तिरकं घ्या. खडखड आली तर लिंक रॉड किंवा बुश, ढप असा आवाज आला तर शॉकअप. मैदानात स्टिअरिंग पूर्ण वळवून गोल फिरा: टक-टक-टक आलं तर ड्राइव्ह शाफ्टचा जॉइंट गेलाय. वेगाबरोबर वाढणारा, विमानासारखा गुंग आवाज चाकाच्या बेअरिंगचा. ताशी ६० वर, मागे कुणी नाही हे बघून, ब्रेक जरा जोरात दाबा. गाडी सरळ थांबली पाहिजे. पेडल थरथरलं तर डिस्क वाकडी. गाडी एका बाजूला ओढली गेली तर कॅलिपर. सपाट रस्त्यावर स्टिअरिंग सैल धरल्यावर गाडी सरळ जाते आणि तरीही स्टिअरिंगची मूठ तिरकी असते, असं दिसलं तर पुढच्या बाजूला काहीतरी हललंय.

परत आल्यावर गाडी गॅरेजमध्ये लिफ्टवर चढवा, आणि गॅरेज तुम्ही निवडलेलं हवं, विकणाऱ्याने सुचवलेलं नको. मेकॅनिकला पाचशे-हजार रुपये द्या आणि सांगा की गाडी घेतली नाही तरी हे पैसे तुमचेच. सौदा झाला की मेकॅनिकला पैसे असं ठरवलं की तो नकळत सौद्याच्या बाजूने बोलायला लागतो. खालून ऑइल गळती, शॉकअपवरचं ओलं तेल, ड्राइव्ह शाफ्टची फाटलेली रबरं आणि सांगाड्याच्या पुढच्या दोन्ही दांड्यांची सरळ रेषा एवढं त्याने तुम्हाला दाखवून सांगावं.

सीएनजी असेल तर टाकीवरची पट्टी वाचा. टाकीची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने होणारी तपासणी) दर तीन वर्षांनी करावी लागते. तारीख उलटली असेल तर पंपावर गॅस नाकारू शकतात, आणि मुलाबाळांना मागे बसवून तशी टाकी वागवू नये. गाडी पेट्रोलवर आणि गॅसवर अशी दोन्ही चालवून बघा.

सुरक्षेचं एक सांगायचं राहिलं. चालकाची एअरबॅग १ जुलै २०१९ पासून सक्तीची झाली, शेजारच्या सीटची त्यानंतर. त्याआधीच्या साध्या मॉडेलात एअरबॅग नसूही शकते. दोन गाड्या सारख्याच वाटत असतील तर दोन एअरबॅग असलेली, जरा जुनी असली तरी, मी निवडतो.

भाव आणि कागद

चार टायर, बॅटरी, क्लच, शॉकअप, जे जे निघालं त्याचा खर्च कागदावर मांडून मालकासमोर ठेवा. भांडण न करता आकडा दाखवला की बहुतेक माणसं खाली येतात. गाडीवर कर्ज असेल तर आधी बँकेची एनओसी (ना-हरकत पत्र) आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५, मगच पूर्ण पैसे. मालकी बदलायला फॉर्म २९ आणि ३० वर मालकाची सही तुमच्या डोळ्यांसमोर व्हावी. गाडी दुसऱ्या राज्यातली असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी लागते आणि महाराष्ट्राचा रस्ता कर नव्याने भरावा लागतो. दिल्लीकडची स्वस्त गाडी बघताना ही रक्कम आधी धरा. १ एप्रिल २०१९ आधीच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबर प्लेट बसलीय का, जुना फास्टॅग बंद केलाय का आणि दुसरी चावी मिळतेय का, हेही त्याच वेळी. मालकी बदलल्यावर १४ दिवसांच्या आत विमा आपल्या नावावर करायला अर्ज द्या, नाहीतर गाडीचं नुकसान झाल्यास भरपाई अडते.

ताबा घेताना दोन प्रतींत पावती करा. तारखेसोबत वेळही लिहा, म्हणजे त्या मिनिटाआधीचं चलन कुणाचं आणि नंतरचं कुणाचं यावरून वाद होत नाही. त्याच दिवशी इंजिन ऑइल, फिल्टर, कूलंट आणि ब्रेक ऑइल बदलून घ्या, मीटरचा फोटो काढा आणि पहिलं बिल एका फाइलमध्ये लावा. पाच-सात वर्षांनी तुमच्या दारात कुणीतरी चुंबक घेऊन येईल, तेव्हा त्याच्या हातात ती फाइल ठेवता येईल.